वणव्याचा धूर आणि पायथ्याची माणसे

३ डिसेंबर २०१८, सोमवार. दिवेलागणीच्या सुमारास दिंडोशीत, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या मागच्या डोंगरावर वणवा लागला. वाळलेले गवत, पालापाचोळा आणि वारा यांच्या जोरावर तो तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्याचे तेव्हा सांगितले गेले. बंब रस्त्यापर्यंत आले, पण चढावर पाण्याच्या गाड्या जात नाहीत. वर माणसेच चढली आणि रात्री उशिरापर्यंत झगडत राहिली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली ती अशी: आग लागली की लावली, जमीन कोणाची, झाडे किती गेली, बिबट्यांचे काय झाले. हे सगळे प्रश्न रास्त होते. पण त्या रात्री डोंगरावरून उतरलेला धूर ज्यांच्या खिडक्यांतून आत शिरला, त्यांच्या छातीचे पुढच्या आठवड्यात काय झाले, हा प्रश्न त्या यादीत खूपच खाली राहिला. धूर दिसला तो छायाचित्रातली पार्श्वभूमी म्हणून. पुढच्या पानांतला विषय तिथून सुरू होतो. वणव्याचे मोजमाप आपण जळालेल्या हेक्टरांत करतो, ते धूर पोहोचलेल्या फुफ्फुसांत करायला हवे, आणि तसे केले तर दिंडोशीचा छोटासा हिवाळी वणवा आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी जागा नीट पाहिली पाहिजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्याच्या दक्षिणेला १९४९ साली वसवलेली आरे दूध वसाहत आणि चित्रनगरी. या हिरव्या पट्ट्याच्या पश्चिम काठावर दिंडोशी. इथे डोंगर आणि घर यांच्यामध्ये शेत नाही, माळ नाही, गावकूस नाही. कुंपणाची भिंत, तिच्या अलीकडे कचऱ्याचा ढीग आणि लगेच वस्ती. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत, म्हाडाच्या इमारती, संतोषनगर, पलीकडे कुरार गाव, पिंपरीपाडा, अप्पापाडा, आणि आता मधूनमधून उठलेले चाळीस मजली मनोरे. जंगलाच्या इतक्या लगत इतकी दाट लोकवस्ती असलेली ठिकाणे जगात थोडी. गडचिरोलीत शंभर हेक्टर जळाले तर धूर मोकळ्या रानावर विरतो, निदान विरायला त्याला जागा असते. दिंडोशीत दहा हेक्टर जळाले तर पहिल्या किलोमीटरातच हजारो बिऱ्हाडे येतात.

मग वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे दिंडोशीच्या डोंगरावरचा धूर पूर्वेकडे ढकलतात, म्हणजे पवई, भांडुप, मुलुंडच्या दिशेला. सूर्य मावळला की चक्र उलटते. जमीन गार होते, डोंगरउतारावरची थंड, जड हवा खाली सरकू लागते आणि मतलई वारे तिला पश्चिमेला, गोरेगाव-मालाडकडे नेतात. डिसेंबर-जानेवारीत यात आणखी एक भर पडते. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार, अशी उलटी रचना रात्री तयार होते आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. दुपारी एखाद-दीड किलोमीटर उंचीपर्यंत विरणारा धूर रात्री काहीशे मीटरांतच कोंडतो. २०१८ चा वणवा दिवेलागणीला लागला, म्हणजे नेमका हे झाकण बसायच्या वेळी.

इथेच या विषयातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित, गोष्ट आहे. वनखात्याच्या हिशेबी महाराष्ट्रातला वणव्यांचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. जंगलाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पानगळ झालेली असते, ऊन तापलेले असते, मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूपानासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो, विदर्भातल्या जंगलांना झळ लागते ती याच दिवसांत. जाळरेषा काढणे, म्हणजे आग अडवायला गवत-पाल्याविना मोकळा पट्टा राखणे, हंगामी मजूर नेमणे ही कामे या वेळापत्रकानुसार ठरतात. पण मुंबईच्या फुफ्फुसांचे पंचांग वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरचा वारा जोरदार असतो, हवेचे मिश्रण उंचापर्यंत होते आणि धूर पांगतो. धोक्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोक्याएवढे वाढलेले गवत दिवाळीनंतर पिवळे पडते, डिसेंबरात काडी लावली की पेटते, आणि तेव्हाच शहराची हवा सर्वांत कोंडलेली असते. म्हणजे जंगलासाठी जो मोसम किरकोळ, तोच श्वासासाठी सर्वांत वाईट. दोन्ही पंचांगे एकत्र मांडून कोणी पाहत नाही, कारण एक वनखात्याच्या भिंतीवर आहे आणि दुसरे महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या. कारवीचे उदाहरण घ्या. ती आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. उद्यानात ती २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली. फुलांच्या बातम्या झाल्या, सहली निघाल्या. फुलून गेल्यावर उभ्या राहिलेल्या वाळक्या काठ्या पुढच्या हिवाळ्यांसाठी आयते सरपण आहेत, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

धूर म्हणजे नेमके काय, हे थोडे जवळून पाहू. ज्वाळा उंच असतात तेव्हा धूर तुलनेने कमी असतो, कारण ज्वलन बऱ्यापैकी पूर्ण होते. खरा धूर ज्वाळा विझल्यावर येतो. वरचा पाला जळून जातो, खालचा अर्धवट ओला थर, कुजके ओंडके, बुंध्याजवळची मुळे धुमसत राहतात. बंब परत जातात, बातमीत आग आटोक्यात आल्याचे सांगितले जाते, आणि त्यानंतरचे आठ-दहा तास धूर निघत असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळे चुरचुरवणारे ॲक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाइड असते, बेंझीन असते, आणि सर्वांत घातक म्हणजे सूक्ष्म कण. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. वणव्याच्या धुरातले बहुतांश कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, माणसाचा केस त्यांच्या पन्नासपट तरी जाड. रस्त्यावरची जाडी धूळ नाकातल्या केसांत, घशातल्या चिकट स्रावात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. हे कण मात्र शेवटच्या वायुकोशापर्यंत जातात. तिथे शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात, त्या झटापटीत दाह होतो, श्वासनलिका सुजतात, आकसतात. ज्याला दमा आहे त्याची छाती तासाभरात भरते. ज्याला नाही, त्याला घसा धरल्यासारखे वाटते, दोन दिवस कोरडा खोकला येतो आणि तो त्याला ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देतो. रक्षक पेशी धूर आवरण्यात गुंतल्या की जंतूंना वाट मोकळी होते. म्हणून न्यूमोनिया, ब्राँकायटिसचे रुग्ण वणव्याच्या रात्री येत नाहीत, त्यानंतर तीन-चार दिवसांनी येतात, आणि तोवर डोंगराकडे बोट दाखवायचे कोणाला सुचत नाही. दिंडोशीच्या बाबतीत आणखी एक घटक. जंगलाच्या काठावर टाकलेले प्लास्टिक, थर्माकोल, जुने टायर, वायरींची वेष्टणे हेही पाचोळ्याबरोबर पेटते. त्या धुराला नुसता लाकडाचा धूर म्हणता येत नाही.

पुरावा म्हणून जगाकडे पाहू. २०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर महिनोन्महिने वणवे जळत राहिले. त्यांच्या धुरामुळे ४१७ जादा मृत्यू, श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल झालेले सुमारे २,०००, आणि दम्यासाठी आपत्कालीन विभागात आलेले सुमारे १,३०० जादा रुग्ण, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी काढला. आगीत प्रत्यक्ष होरपळून गेलेल्यांची संख्या तेहतीसच्या आसपास होती. धूर आगीपेक्षा बारा-तेरा पटींनी अधिक प्राणघातक ठरला. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९९ ते २०१२ या काळाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका घनमीटर हवेत सूक्ष्म कण १० मायक्रोग्रॅमने वाढले आणि ते वणव्याचे असले, तर श्वसनविकारांसाठी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १.३ ते १० टक्क्यांनी वाढले. तेच कण इतर स्रोतांचे असले तर वाढ ०.६७ ते १.३ टक्के. म्हणजे वजन सारखे असले तरी कण सारखे नसतात. याहून अस्वस्थ करणारा पुरावा कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिस इथल्या माकडांचा आहे. २००८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर तिथल्या संशोधन केंद्रातल्या उघड्या आवारांत काही दिवस साचला. त्या वर्षी जन्मलेली ऱ्हीसस माकडांची पिल्ले वयात आल्यावर तपासली, तेव्हा पुढच्या वर्षी जन्मलेल्या, धूर न मिळालेल्या पिल्लांपेक्षा त्यांच्या फुफ्फुसांची धारणक्षमता कमी भरली आणि प्रतिकारशक्तीतही फरक दिसला. दहा-पंधरा दिवसांचा धूर, आणि खूण वर्षानुवर्षांची. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढते, हे ध्यानात घेतले की पाड्यावरच्या आणि चाळीतल्या तान्ह्या मुलांची काळजी आधी का करायची ते कळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ऑस्ट्रेलियात महिने जळत होते, दिंडोशीत एक रात्र. एका रात्रीच्या धुराने काय होते? शिवाय हवेचा निर्देशांक पाहावा तर त्या दिवशीही आकडा काही आभाळाला भिडलेला नसतो. हा आक्षेप निर्देशांकावर विसंबतो आणि निर्देशांक सरासरीवर. समजा, रात्रीचे तीन तास एका वस्तीत सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅम झाले आणि उरलेले एकवीस तास ५० राहिले. चोवीस तासांची सरासरी येते ८१. भारतीय निर्देशांकात ६१ ते ९० हा टप्पा ‘मध्यम’ गणला जातो. मोबाइलवर पिवळसर रंग दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका चोवीस तासांची सरासरी काढून आकसत नाही, ती त्या तीन तासांत आकसते. त्यातच मोजणी केंद्रे ठरावीक ठिकाणी. मालाडच्या केंद्रावरून जाणारी हवा आणि डोंगराला टेकलेल्या खोलीतली हवा एक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली, आपली अधिकृत मर्यादा ६० आहे, त्यावरचा वाद इथे बाजूला ठेवतो. मुद्दा एवढाच की थोड्या वेळाचा दाट धूर मोजायला आपले सध्याचे माप तोकडे आहे. या मापात धोका दिसत नाही, यावरून धोका नाही असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबईची हवा मुळातच वाहने, बांधकामे, भट्ट्या, कचरा यांनी बिघडलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, ती याच धुळीमुळे. वर्षाचा हिशेब केला तर वणव्याचा वाटा त्यात नगण्य. शिवाय हवा आधीच वाईट असलेल्या ठिकाणी कणांची आणखी भर पडली तर प्रत्येक वाढीव मायक्रोग्रॅमचा परिणाम उलट कमी होत जातो, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. हे दोन्ही मुद्दे मी मान्य करतो. वर्षभराचा गुन्हेगार शोधायचा असेल तर तो डोंगरावर सापडणार नाही. पण वर्षभराचा आजार आणि एका रात्रीचा झटका हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्यांची फुफ्फुसे रोजच्या हवेने आधीच काठावर आणून ठेवली आहेत, त्यांना पलीकडे ढकलायला थोडाच धूर पुरतो. टक्केवारी कमी भरली तरी आधीचे रुग्ण इतके आहेत की माणसांची संख्या मोठीच निघते. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमी पेटली, धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात उमटला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कोणी असे म्हटले नाही की वर्षाच्या सरासरीत देवनारचा वाटा किती. गोवंडी-मानखुर्दला जो न्याय, तो दिंडोशीलाही लागू व्हावा.

तिसरा आक्षेप आजीच्या चुलीचा. पिढ्यान्पिढ्या धुरात स्वयंपाक केला, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजले, शेकोट्या पेटवल्या, काय झाले? लाकडाचा धूर तो, गाडीचा नव्हे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला लेख या समजुतीला नेमके उत्तर देतो. धूम्रपान न करणाऱ्यांना होणारा सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, हा त्याचा विषय. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, आणि लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, असे त्यांनी दाखवले. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायका पन्नाशीत दोन जिने चढताना धापा टाकतात, त्यामागे बहुतेक वेळा चूल असते. चुलीने काही केले नाही, असे वाटते याचे कारण एकच: त्या खोकल्याला कोणी आजार म्हटले नाही, म्हातारपण म्हटले. घरातली चूल हटावी म्हणून २०१६ पासून सरकार उज्ज्वला योजनेतून गॅस देते. तोच धूर डोंगरावरून आला तर तो नैसर्गिक आणि म्हणून निरुपद्रवी, हे तर्काला धरून नाही.

राबाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो. धुराविरुद्ध बोलायला लागले की बोट सहज पाड्यांकडे वळते. आरेमध्ये वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे सत्तावीस पाडे आहेत, ही माणसे जंगल कसे वागते ते जाणतात, आणि वणवा आला तर पहिली झळ त्यांच्याच झोपड्यांना लागते. भारतातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात हे खरे, पण मुंबईच्या डोंगरावर तो हात फेकलेल्या सिगारेटचा, हातभट्टीचा, कचरा पेटवणाऱ्याचा, कधी जमीन मोकळी हवी असणाऱ्याचाही असू शकतो. कारण सिद्ध होण्याआधी जात आणि वस्ती पाहून आरोप करणे हा निव्वळ आळस. गवत नव्याने फुटावे म्हणून आग चांगली, हा युक्तिवादही ऐकू येतो. काही गवताळ रानांपुरते त्यात तथ्य असेल. ठरवून, वारा पाहून, पट्ट्यापट्ट्याने जाळणे आणि रात्री बेवारस वणवा लागणे यांत जो फरक आहे तो वनरक्षकाला विचारावा.

राहता राहिला उपाय. इथे सल्ले सोपे आणि घरे अवघड. खिडक्या बंद करा, असे सांगितले जाते. सतराव्या मजल्यावर ते जमते. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे छपराखालच्या फटीतूनच हवा येते, आत गॅस पेटलेला आहे, कोपऱ्यात मच्छर अगरबत्ती धुमसते आहे, तिथे खिडकी लावून घेतली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरी राहीलच असे नाही. अशा वेळी निदान आतला धूर थांबवावा: मच्छर अगरबत्ती, धूप, उदबत्ती त्या रात्री नको. तोंडाला बांधलेला रुमाल, ओला केला तरी, हे कण अडवत नाही. नीट बसलेला एन-९५ मास्क अडवतो. वाफ घेतल्याने घशाला आराम पडतो, पण आकसलेली श्वासनलिका उघडते ती डॉक्टरांनी दिलेल्या पंपाने. तो घरात आहे का आणि संपलेला तर नाही ना, हे दिवाळीच्या आधी बघून ठेवावे. ज्यांना जमेल त्यांनी म्हातारी माणसे, गरोदर बाई आणि तान्ह्या मुलाला त्या रात्रीपुरते वस्तीपासून दूर, नातलगांकडे हलवावे. महापालिकेने पायथ्याच्या एक-दोन शाळांत हवा गाळणाऱ्या यंत्रांची खोली तयार ठेवली, तर खर्च फार नाही. पुढच्या पानांत हे सारे तपशिलाने आले आहे.

पण घरोघरच्या उपायांपेक्षा वरचे दोन निर्णय जास्त कामाचे ठरतील. दिंडोशी-आरेच्या काठावरची जाळरेषा आणि गवतकापणी फेब्रुवारीची वाट न पाहता नोव्हेंबरातच व्हावी. आणि वनखात्याला वणव्याची वर्दी मिळताच ती त्याच क्षणी महापालिकेच्या आरोग्य खात्यालाही जावी, म्हणजे म. वा. देसाई रुग्णालयापासून गल्लीतल्या आपला दवाखान्यापर्यंत सगळ्यांना पुढचे चार-पाच दिवस धापेचे रुग्ण येतील हे आधी कळेल. तिसरी विनंती या भागातल्या डॉक्टरांना आहे, आणि तिला पैसा लागत नाही. वणव्यानंतरच्या आठवड्यात खोकला, दम, छाती भरल्याची तक्रार घेऊन कोणी आले, तर तो कुठे राहतो आणि त्या रात्री घरात धूर आला होता का, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा.